पहिले सिझेरियन आणि आपला पहिला सल्ला

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मराठवाडा संपून वऱ्हाड सुरू होण्याच्या सीमेवर कनेरगाव नाका हे गाव वसले आहे. येथील गर्भिणीच्या नातेवाईकांसमोर दोन वाटा असतात : एक हिंगोलीची, दुसरी वाशीमची. कोणत्या वाटेने जावे, केव्हा निघावे आणि कोणत्या रुग्णालयाच्या दारी उतरावे, हे ते पुष्कळदा प्रथम गावातील वैद्याला किंवा औषध-दुकानदाराला विचारतात. सिझेरियनच्या वाढत्या प्रमाणाविषयी बोलताना आपण शहरातील शस्त्रक्रियागृहाकडे बोट दाखवितो. परंतु त्या निर्णयाची पायाभरणी कित्येकदा आपल्याच दवाखान्यातील बाकावर झालेली असते. त्याचाच विचार येथे आम्ही करणार आहोत.

आकड्यांचा अर्थ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सिझेरियनचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते १७.२ आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्क्यांवर पोहोचले. महाराष्ट्रात याच शेवटच्या दोन सर्वेक्षणांत ते २०.१ वरून २५.४ टक्के झाले, तर शेजारच्या तेलंगणात २०१९-२१ मध्ये ६०.७ टक्के आढळले. त्या वेळी देशातील सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते. स्त्रियांची शरीररचना रुग्णालयाच्या मालकीप्रमाणे बदलत नाही; तेव्हा ही तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी स्पष्ट होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली स्पष्ट केले, की लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेल्याने माता व नवजात यांचे मृत्यू अधिक घटताना दिसत नाहीत. त्याच निवेदनात दुसरी गोष्टही आहे : ठरावीक टक्केवारी गाठणे हे ध्येय नसून, जिला शस्त्रक्रियेची गरज आहे अशा प्रत्येक स्त्रीला ती मिळणे हे ध्येय होय. आपल्या व्यवसायातील काही मंडळी पहिले वाक्य उच्चरवाने सांगतात व दुसरे विसरतात.

शास्त्राचा समतोल

आपली परंपरा शस्त्राच्या विरोधात नाही. माता मृत झाली असता गर्भाचे स्पंदन जाणवत असेल, तर उदर छेदून त्यास तत्काळ बाहेर काढावे, असा निर्देश सुश्रुताने मूढगर्भनिदानात दिला आहे. मूढगर्भचिकित्सेत हे कर्म अत्यंत कष्टसाध्य असल्याचे सांगून, अधिपतीची अनुमती घेऊनच ते करावे, असेही तो बजावतो.

त्याचबरोबर, घाई नको हेही शास्त्रच सांगते. आवी उपस्थित नसताना प्रवाहण करविणे व्यर्थ व अपायकारक आहे, असे चरकाने जातिसूत्रीय अध्यायात म्हटले आहे. आसन्नप्रसवेने मुसळाने धान्य कांडावे हे मत नाकारून, तिने चंक्रमण करावे, असे तो सुचवितो. तिच्याजवळ अनेकदा प्रसवलेल्या, स्नेहशील स्त्रिया असाव्यात, हाही त्याचाच आग्रह. आज जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीच्या वेळी सोबतीण असावी, हिंडण्या-फिरण्याची मोकळीक असावी, असे सांगते. २०१८ च्या तिच्या शिफारशींनुसार प्रसूतीची सक्रिय अवस्था गर्भाशयमुख पाच सेंटिमीटर उघडल्यावर धरावी. पुढे दर तासाला एक सेंटिमीटर प्रगती झालीच पाहिजे, हा जुना दंडकही तिने सोडला आहे. माता व गर्भ सुस्थितीत असतील, तर केवळ ‘कळा पुढे सरकत नाहीत’ एवढेच शस्त्रक्रियेचे कारण होऊ नये.

आपल्या हातातील गोष्टी

सर्वांत महत्त्वाचे आहे ते पहिले सिझेरियन टाळणे. एकदा व्रण झाला, की पुढच्या खेपेस पुन्हा शस्त्रक्रियेचाच सल्ला बहुधा मिळतो. प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक वार खाली बसण्याचा किंवा गर्भाशयाच्या भिंतीत रुतण्याचा धोका वाढतो. म्हणून पहिलटकरणीवर आपले विशेष लक्ष असावे. रक्तक्षय, रक्तदाब, मधुमेह यांची तपासणी वेळेवर व्हावी. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची विनामूल्य तपासणी असते. तेथे तिला पाठवावे. छत्तिसाव्या आठवड्यानंतरही मूल पायाळू असेल, तर ते बाहेरून फिरविणे शक्य आहे काय, हे स्त्रीरोगतज्ज्ञास विचारण्यास सांगावे. मुहूर्तासाठी सिझेरियन मागणाऱ्या कुटुंबाला परावृत्त करणे हेही आपलेच काम होय.

अष्टम व नवम मासातील बस्ती आणि पिचू यांचा उपदेश संहितांत आहे. परंतु रक्तस्राव, पाणी जाणे, अकाली कळा किंवा वार खाली असणे यांपैकी काहीही असताना ते निषिद्ध समजावे. हे उपचार म्हणजे नैसर्गिक प्रसूतीची हमी नव्हे. तशी हमी देऊन औषध विकणे हा शास्त्राचा उपमर्द होय.

औषध-दुकानदार बंधूंना आमची कळकळीची विनंती : कळा वाढविण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन चिठ्ठीशिवाय कोणासही देऊ नये. घरी किंवा छोट्या दवाखान्यात दिलेल्या या इंजेक्शनाने गर्भाशय फाटू शकते, बाळ गुदमरू शकते. मग जी शस्त्रक्रिया टळावी म्हणून ते दिले, तीच प्राण वाचविण्यासाठी करावी लागते.

याउलट अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी व अंधारी, झटके, बाळाची हालचाल मंदावणे, हिरवट पाणी जाणे, आडवे मूल किंवा पूर्वीच्या सिझेरियननंतर सुरू झालेल्या कळा, यांपैकी काहीही दिसल्यास काढा उकळीत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझेरियनही विनामूल्य होते, हे नातेवाईकांना आवर्जून सांगावे.

कटू पण आवश्यक

रुग्ण कोठे पाठवावा, हा निर्णय आपण कशाच्या आधारे घेतो? २०१७ साली राज्य शासनाने ‘कट प्रॅक्टिस’ला आळा घालण्यासाठी निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कायद्याचा मसुदा करविला होता. त्या मसुद्याची वाट पाहण्याचे आपणांस कारण नाही. ज्या दारातून पाकीट येते त्याच दाराकडे गर्भिणीला पाठविणाऱ्या वैद्याला, तेथील सिझेरियनविषयी तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. येत्या वर्षभर प्रत्येक सभासदाने आपल्याकडे आलेल्या गर्भिणींची साधी वही ठेवावी : खेप कितवी, कोठे पाठविले, प्रसूती कशी झाली, सिझेरियन झाल्यास कारण काय सांगितले. वर्षअखेरीस ती वही उघडली, की कोणते रुग्णालय थांबू जाणते आणि कोणते नाही, हे आपणांस कळेल. मग नाक्यावर उभ्या असलेल्या नातेवाईकांनी वाट विचारली, तर आपले उत्तर त्या वहीतून देता येईल.