दिसत नाही म्हणजे नाही, असं नव्हे : हरवलेलं पार्टिशन आणि अभावाचा विचार

आजचा विषय वाचून काहींनी विचारलं, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा हार्ड डिस्कशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो ‘अभाव’ या एका शब्दात आहे.

कॉम्प्युटर सुरू केला. सी ड्राइव्ह जागेवर आहे, डी ड्राइव्ह गायब. आपण काय म्हणतो? ‘डेटा गेला.’ हा निष्कर्ष घाईचा आहे. आणि पुष्कळदा खरं नुकसान पार्टिशन दिसेनासं झाल्यामुळे होत नाही, नंतरच्या घाईत होतं. आज मला एवढंच समजावून सांगायचं आहे.

आपल्याकडे कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तिथे घट नाही हे कळतं. नैयायिकांना ते वेगळं प्रमाण म्हणून मान्य नाही. तो वाद आज बाजूला ठेवू. आपल्या कामाची आहे ती त्यातली अट. नुसतं न दिसणं पुरत नाही, ती ‘योग्य’ अनुपलब्धी हवी. म्हणजे वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. खोलीत अंधार असेल, तर घट दिसला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मग पार्टिशन दिसत नाही, तेव्हा खोलीत उजेड असतो का? बघू या.

कॉम्प्युटर सुरू होताना सगळी डिस्क तपासत नाही. तो आधी एक छोटी नोंदवही वाचतो. १९८३ पासून चालत आलेल्या जुन्या पद्धतीत, जिला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात, ही नोंदवही डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये असते. त्यातही पार्टिशनचा तक्ता फक्त ६४ बाइटचा : १६ बाइटची एक नोंद, अशा चार नोंदी. अमुक भाग इथून सुरू होतो आणि इतका लांब आहे, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. ६४ बाइट म्हणजे इंग्रजी मजकुराची जेमतेम एक ओळ. ती ओळ बिघडली, की एक टेराबाइटचा माल असलेला भाग ‘रिकामी जागा’ म्हणून दिसायला लागतो.

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. तलाठ्याच्या दप्तरातला उतारा जळाला म्हणून शेत वाहून जात नाही. पीक उभं असतं, हद्दीचे दगडही जागेवर असतात. धोका वेगळाच आहे. जमीन मोकळी समजून कुणाला तरी दिली आणि त्यानं नांगर फिरवला, की पीक खरंच गेलं. नैयायिक ज्याला प्रध्वंसाभाव म्हणतात, म्हणजे असलेल्या वस्तूचा नाश, तो इथे होतो. डिस्कवर हा नांगर म्हणजे नवीन लिखाण.

म्हणून पहिला नियम : त्या डिस्कवर काहीही लिहू नका. ‘फॉरमॅट करायचं का?’, ‘डिस्क इनिशिअलाइझ करायची का?’ असं विंडोज अगदी नम्रपणे विचारतं. उत्तर ‘नाही’. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या भागावर शून्यं लिहितं, हे लक्षात ठेवा. चेकडिस्कही लगेच चालवू नका. ते दुरुस्ती करतं, म्हणजे लिहितंच.

माझ्याकडे एक संशोधक विद्यार्थिनी आली होती. चार वर्षांच्या मुलाखती एका बाहेरच्या डिस्कवर, आणि मुलाखती देणाऱ्यांपैकी दोघं आता हयात नव्हते. फॉरमॅटचा प्रश्न आल्यावर तिनं ‘कॅन्सल’ दाबून डिस्क काढून ठेवली होती. पुढे जवळजवळ सगळं मिळालं. त्यात सगळ्यांत मोलाचं काम तिच्या त्या ‘कॅन्सल’नं केलं.

दुसरी पायरी, निदान. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि नुसतं बघा. भाग धडधाकट आहे पण त्याला अक्षरच नाही, असं दिसलं तर अक्षर द्या, काम झालं. भाग ‘रॉ’ दिसला, तर हद्द ठाऊक आहे पण आतली फाइल सिस्टीम वाचता येत नाही. ‘अनअलोकेटेड’ दिसलं, तर नोंदच गेलेली आहे. डिस्कच मुळात दिसत नाही किंवा टकटक आवाज येतो, तर बिघाड बहुधा हार्डवेअरमधला आहे. वीज बंद करा, डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. घरी खोलून बघायचं नाही.

तिसरी पायरी, प्रत. तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत नक्कल करा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे काम चांगलं करतं. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर.

चौथी पायरी, शोध. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं टेस्टडिस्क हे मोफत साधन हद्दीचे दगड शोधत जातं. फाइल सिस्टीम आपल्या सुरुवातीला स्वतःची खूण ठेवते. एनटीएफएस तर बूट सेक्टरची एक प्रत त्या भागाच्या शेवटीही ठेवते. सापडलेल्या भागातल्या फाइलची यादी आधी बघा, फाइल दुसरीकडे उतरवून घ्या, आणि मगच नवा तक्ता लिहायचा विचार करा. जीपीटी या नव्या पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असतेच, त्यामुळे तिथे काम पुष्कळदा सोपं होतं.

फाइल सिस्टीमच मोडली असेल, तर त्याच लेखकाचं फोटोरेक आहे. ते फाइलच्या आतल्या खुणांवरून फोटो, कागदपत्रं ओळखतं. पण मूळ नावं आणि फोल्डर बहुधा परत येत नाहीत. वस्तू मिळते, तिचा पत्ता मिळत नाही.

आता मर्यादा. एसएसडीवर ट्रिम चालू असेल, तर पुसलेल्या फाइलची जागा डिस्क स्वतःच आतून साफ करून टाकते. तिथे उशीर महागात पडतो. आणि भाग बिटलॉकरनं बंद केलेला असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की किंवा पासवर्डशिवाय सापडलेला डेटाही वाचता येत नाही. ती की त्याच डिस्कवर ठेवू नका.

तेव्हा ‘गेलं’ म्हणण्याआधी विचारायचं : मी डिस्क पाहिली, की फक्त नोंदवही? आणि हा प्रश्न विचारायची वेळच येऊ नये असं वाटत असेल, तर महत्त्वाच्या फाइलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर ठेवा. व्याख्यान संपल्यावर आजच करा. आता तुमचे प्रश्न घेऊ.