जनपदाचा अभ्यास : खारपाणपट्टा, विद्यापीठ आणि वैद्य

दर्यापूर तालुक्यात विहीर खोदली असता पाणी लागते. परंतु बहुतेक ठिकाणी ते पिण्यास योग्य नसते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर हा खारपाणपट्टा पसरलेला आहे. शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याकडे मात्र गोड्या पाण्यावर पानपिंपळीचे मळे पिकतात. थोड्या अंतरात भूमी, जल आणि वनस्पती यांत एवढा भेद पडतो. मूत्राश्मरी व वृक्कविकार या पाण्यामुळेच होतात, असे पट्ट्यातील रुग्ण आपणांस नित्य सांगतात. या म्हणण्याची शास्त्रशुद्ध परीक्षा कोणी व कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक प्रश्न, अनेक शास्त्रे

गाळाच्या जाड थरांत क्षार का साठले, हे भूगर्भशास्त्र सांगते. सोडियमच्या आधिक्याने काळ्या मातीचे कण विखुरतात, त्यामुळे पाणी मुरत नाही व निचरा होत नाही, हे मृदाशास्त्र सांगते. पाण्यात कोणते क्षार किती आहेत, हे रसायनशास्त्र मोजते. विकतचे पाणी कोणत्या घरी येते आणि कोणत्या घरी विहिरीवरच भागवावे लागते, हा समाजशास्त्राचा व अर्थशास्त्राचा विषय आहे. व्याधीचे निदान वैद्याकडे आहे.

यातील प्रत्येक उत्तर यथार्थ असले तरी अपुरे आहे. भूजलाच्या नोंदवहीत विहीर असते, रुग्ण नसतो. आपल्या नोंदवहीत रुग्ण असतो, विहीर नसते. या दोन वह्या एकत्र आल्याशिवाय कार्यकारणभाव सिद्ध होणार नाही.

अनिवार्य विषयाची संधी

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या निर्णयामुळे पर्यावरण हा शिक्षणात अनिवार्य विषय ठरला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी आठ घटकांचा व पन्नास तासिकांचा पाठ्यक्रम तयार केला. त्याचे २००४ मधील पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले. ते व्यवसायाने शल्यचिकित्सक होत, ही गोष्ट आपण लक्षात घेण्याजोगी आहे.

या पाठ्यक्रमाचा आठवा घटक क्षेत्रकार्याचा असून शंभरापैकी पंचवीस गुण त्यासाठी ठेवण्यात आले. कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी आपला परिसर स्वतः पाहावा, हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी मागील वर्षीची वही उतरवून काढली जाते. अमरावती विद्यापीठाची महाविद्यालये व अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आपल्या निकट असताना ही संधी वाया जावी, हे खेदजनक आहे.

आचार्यांची दृष्टी

असा अभ्यास आपणांस परका नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात अग्निवेशाचा प्रश्न असा आहे की, प्रकृती, आहार, बल व वय भिन्न असूनही अनेकांना एकाच वेळी एकच व्याधी कसा होतो? वायू, उदक, देश व काल हे भाव सर्वांना समान असतात आणि त्यांच्या विकृतीने जनपद पीडित होते, असे भगवान आत्रेय सांगतात.

त्याच स्थानाच्या पहिल्या अध्यायात पिप्पली, क्षार व लवण या तीन द्रव्यांचा अतियोग टाळण्यास सांगितले आहे. तेथे लवणाच्या अतिसेवनाचे परिणाम सांगताना बाह्लीक, सौराष्ट्र, सैंधव व सौवीर या जनपदांचा नामनिर्देश आहे. देशपरत्वे लोकांचे निरीक्षण करून काढलेला हा निष्कर्ष आहे. पिप्पली पिकविणाऱ्या आणि क्षारयुक्त जल पिणाऱ्या आपल्या प्रदेशात या अध्यायाचे मोल अधिकच आहे.

आपले कर्तव्य

१. प्रत्येक रुग्णपत्रिकेवर गाव, पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि तो किती वर्षे वापरात आहे, ही नोंद करावी. शहानूर धरणावरील योजनेचे पाणी अनेक गावांना मिळू लागले असल्याने पूर्वीचा स्रोतही अवश्य विचारावा.

२. वृक्कविकार वा उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णास क्षार व लवणप्रधान कल्प देण्यापूर्वी तो कोणते पाणी पितो, हे जाणून घ्यावे.

३. फार्मसीचालकांनी क्वाथासाठी वापरावयाच्या पाण्यातील एकूण विरघळलेले क्षार मोजून घ्यावेत. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम, आणि अन्य स्रोत नसल्यास २,००० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. चतुर्थांश क्वाथ करताना पाणी आटते, परंतु सोडियमचे क्षार वाफेबरोबर जात नाहीत. २,००० मिलिग्रॅमचे पाणी एक-चतुर्थांश उरले की त्यातील क्षारांचे प्रमाण सुमारे ८,००० पर्यंत पोहोचू शकते. घनसत्त्व करताना हेच क्षार कल्पात उतरतात व भस्ममूल्य वाढवितात. मग दोष वनस्पतीचा की पाण्याचा, हे कळत नाही.

४. स्थानिक महाविद्यालयास एक लहान प्रकल्प सुचवावा. खारपाणपट्ट्यातील एक गाव व गोड्या पाण्याचे एक गाव निवडावे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पाणी तपासावे, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कुटुंबांची पाहणी करावी, वैद्याने रुग्णांची नावे उघड न करता व्याधींची संख्या द्यावी आणि संख्याशास्त्राच्या अध्यापकांनी तुलना करावी. वय, व्यवसाय व उन्हातील श्रम यांचीही नोंद असावी. कारण उन्हात राबणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या शेतमजुरास अश्मरी होण्यास केवळ विहीरच कारण असेल असे नाही.

अशा दोन गावांच्या अभ्यासाने सर्व प्रश्न सुटणार नाही. परंतु रुग्णाने “वैद्यबुवा, हे पाण्यानंच होतं ना?” असे विचारल्यावर आज आपण अनुमानाने उत्तर देतो. ते प्रत्यक्षाच्या आधारे देता यावे, यासाठी रुग्णपत्रिकेवरील ती एक ओळ आजपासूनच लिहू लागावे, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे.