जुन्या गाडीची ‘टिक टिक’ काय सांगते?

उन्हाळ्यात घाट चढताना जुनी गाडी गचके खात बंद पडली, की चालक बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवत असत. इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. यावर उपाय म्हणून अनेक हौशी मालक इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवतात. पण चुकीचा पंप निवडला, तर आगीचा धोका असतो.

पंप लागतोच कशाला?
कार्ब्युरेटरच्या मोटरसायकलची टाकी इंजिनाच्या वर असते, त्यामुळे पेट्रोल आपोआप खाली येते. कारची टाकी मागे आणि खालच्या बाजूला असते, म्हणून पंप लागतो. बहुतेक जुन्या गाड्यांत तो इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालतो. मॉरिस मायनरमध्ये मात्र कंपनीनेच ‘एसयू’ इलेक्ट्रिक पंप दिला होता.

काम कसं चालतं?
चावी फिरवली की पंपातील कॉइलमध्ये चुंबकत्व येते. ते पडदा, म्हणजे डायफ्रॅम, ओढते आणि पेट्रोल आत येते. पडदा टोकाला पोहोचताच पॉइंट उघडून वीज तुटते. मग स्प्रिंग पडद्याला परत ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. पुन्हा वीज जोडली जाते. हीच ती ‘टिक टिक’. कार्ब्युरेटरची वाटी भरली की फ्लोट वर येऊन सुई तोंड बंद करते. पेट्रोलला वाट उरत नाही आणि पंप आपोआप थांबतो.

आवाज ओळखा
• आधी भराभर टिक टिक, मग शांतता : सगळं ठीक.
• टिक टिक थांबतच नाही : टाकी रिकामी किंवा पाइपमधून हवा शिरते.
• इंजिन बंद असताना, चावी चालू ठेवून अधूनमधून टिक : सुई नीट बसत नाही किंवा गळती आहे.
• आवाजच नाही : वायर, फ्यूज किंवा पॉइंट तपासा.

धोका कुठे?
कार्ब्युरेटरला साधारण २ ते ४ पीएसआय दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ४०च्या आसपास दाब देतो. तो जोडला तर सुईला दाब पेलत नाही आणि पेट्रोल उतू जाऊन गरम इंजिनावर सांडते. म्हणून कमी दाबाचाच पंप घ्या, गरज असल्यास रेग्युलेटर लावा. पंपाला ओढण्यापेक्षा ढकलणे सोपे जाते, म्हणून तो टाकीजवळ, खालच्या बाजूला आणि उष्णतेपासून दूर बसवा.

आणखी एक गोष्ट. अपघातात इंजिन बंद पडले तरी चावी चालू असेल, तर इलेक्ट्रिक पंप तुटलेल्या पाइपमधून पेट्रोल ओतत राहू शकतो. त्यामुळे फ्यूजसोबत, धक्का बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विच बसवून घ्या. हा छोटा खर्च टाळू नका.