कौलावर चढणारा माणूस

उन्हाळी कांद्याची काढणी आटोपून चाळी भरल्या, वैशाख सरत आला आणि सह्याद्रीच्या अंगाने दुपारी काळसर ढग डोकावू लागले, की जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील जुन्या घरांच्या धन्यांना एकाएकी आपल्या छपराची आठवण होते; अकरा महिने ज्याच्याकडे कोणी मान वर करून पाहिलेले नसते त्या छपरासाठी मृगाच्या आत माणूस मिळावा म्हणून गावोगाव निरोप धाडले जातात, आणि एरवी ज्याची कोणी वास्तपुस्त करीत नाही असा एखादा उतारवयाचा शाकारणी करणारा गृहस्थ आठ-पंधरा दिवसांपुरता गावातला सर्वांत मोठा माणूस होऊन बसतो.

शाकारणी म्हणजे कौले ओळीने उतरवायची, त्यांच्याखाली साचलेला पाला, उंदरांनी ओढून नेलेल्या चिंध्या आणि चिमण्यांची घरटी काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या आणि शाबूत कौले पुन्हा एकावर एक बसवायची. आमच्याकडे येणारे एक वृद्ध कारागीर प्रत्येक कौल डाव्या हातात अधांतरी धरून, सावकाराने रुपया वाजवून घ्यावा तसे, बोटाच्या पेराने त्यावर ठोका मारीत. खणखणीत वाजले तर ते वर जाई. बद्द वाजले तर, तडा डोळ्यांना दिसो वा न दिसो, अंगणात बाजूला पडे. एकदा मी हुज्जत घालून असे एक बद्द कौल वर चढवायला लावले. आषाढात नेमकी त्याच्याचखाली मला परात मांडावी लागली.

ग्रामव्यवस्था बलुत्यावर चालत होती तोवर सुतार आणि कुंभार यांना सुगीत धान्याच्या रूपाने मोबदला मिळे, आणि गावातल्या कोणत्या घराचा कोणता वासा आतून पोकळ झाला आहे हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असे. त्या व्यवस्थेचे जोखड जातीचे होते, तेव्हा तिचे गोडवे गाण्याचे काही प्रयोजन नाही. परंतु ती गेल्याने एक गोष्ट बदलली, ती ही की छपरावर चढणारा माणूस ते छप्पर बहुधा प्रथमच पाहत असतो. कौलही बदलले. कुंभाराच्या चाकावरच्या नळीच्या कौलांची जागा साच्यातून निघणाऱ्या मंगळुरी कौलांनी घेतली, ज्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे काढला होता. आणि आता त्यांचीही जागा पत्रा आणि स्लॅब घेत आहेत.

छपरावरचे कौल आणि कौलनाम्यातील कौल यांचा उच्चार एक असला तरी कूळ निराळे आहे. मात्र पहिल्यासाठी माणूस बोलवायचा असेल तर दुसरा आधी पक्का करून घ्यावा. कौले-रिपा कोणी आणायच्या, इसार किती, मुदत किती, उतरलेला राडारोडा कोणी उचलायचा, शिडी आणि दोर कोणाचे, हे सारे काम सुरू होण्यापूर्वी साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या म्हणजे पुढची तक्रार टळते. मोबदला रोजाने द्यावा की उक्ता, हा वाद जुना आहे. माझे मत असे की जमिनीवरचे काम खुशाल उक्ते द्यावे, पण उंचीवरचे कदापि देऊ नये, कारण उक्ते घेणारा घाई करतो आणि घाई करणारा पडतो. बोलताना त्याने बांधकाम कामगार म्हणून नोंदणी केली आहे काय, हेही विचारावे. वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि साठ न ओलांडलेल्या, मागील वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर राबलेल्या मजुराला ती करता येते, आणि पुष्कळांना ती ठाऊकच नसते.

शिडी भिंतीला लावताना चार हात उंचीला एक हात, या मानाने तिचा पाय भिंतीपासून दूर असावा, वरचे टोक वळचणीच्या दोन हात वर निघावे आणि ते दोराने बांधलेले असावे. कौलांवर पाय देणे भागच पडले तर तो खाली रीप-वासा असेल तेथेच पडावा, आणि त्याहून बरे म्हणजे आडवी फळी टाकावी. खरी फसगत सिमेंटच्या पत्र्यावर होते. वरून तो दगडासारखा टणक दिसतो, परंतु मधोमध पाय पडताच पूर्वसूचना न देता फुटतो. बोल्टांची रांग म्हणजे खालच्या आधाराची रांग, तीवर फळी टाकल्यावाचून कोणासही चढू देऊ नये. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, म्हणून ते कोरडे खरवडू नयेत आणि जोरदार पाण्याच्या यंत्राने धुऊही नयेत.

त्या यंत्राविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण अलीकडे मोटारीत यंत्र घालून 'बाहेरून घर धुऊन देतो' म्हणणारे लोक थेट मंचर-नारायणगावापर्यंत येऊ लागले आहेत. स्लॅबच्या घराला ते ठीक. पण जुन्नरच्या पेठेतील वाड्यांच्या दगडांचे सांधे चुन्याचे किंवा मातीचे, आणि पांढरीच्या मातीच्या भिंती तर नुसत्या मातीच्याच, त्यांच्यावर पाण्याचा तो फवारा मारणे म्हणजे सांधे खणून काढणे होय. अशा भिंतीला कुंचला, ओले फडके आणि चुन्याचा हात पुरतो. तीवर सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक रंग चढवला तर आतली ओल आतच कोंडली जाते आणि दोन-चार पावसाळ्यांत पोपडा पापुद्र्यासारखा सुटतो.

घराच्या आतल्या साफसफाईसाठी येणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत आपण याहून बेफिकीर असतो. पुण्यातील मोलकरणींनी १९८० साली संप केला, राज्याने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम केला, तरी दसऱ्याच्या घरझाडणीला बोलावलेल्या बाईच्या हाती ब्लिचिंग पावडर आणि संडासाचे ॲसिड एकदमच देणारी सुशिक्षित कुटुंबे मी पाहिली आहेत. ही दोन द्रव्ये एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो, आणि दार लावून काम करणारीचा जीव त्याने जाऊ शकतो. सेप्टिक टँकची गोष्ट तर कायद्याची आहे: संरक्षक साधनांवाचून माणूस आत उतरवून तो साफ करून घेणे २०१३ च्या अधिनियमाने गुन्हा ठरविले आहे, आणि पहिल्याच कसुरीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. त्यासाठी यंत्राची गाडीच बोलवावी.

या मुलखाच्या आणखी दोन तजविजी आहेत. उसाच्या पट्ट्यात घराभोवतीचे रान आणि उकिरडा साफ ठेवावा लागतो तो केवळ शोभेसाठी नव्हे. उकिरड्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, ज्याच्यासाठी वनखात्याला माणिकडोहला निवारा केंद्र चालवावे लागते. हे काम उजेडी आटपावे. पश्चिमेकडच्या डोंगरउताराला घरामागचा चर पावसापूर्वी मोकळा करावा, आणि उतारावर नवी भेग दिसली तर फावडे टाकून घर सोडावे व तहसीलला कळवावे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण येथे दीडशेहून अधिक माणसे ज्या दरडीखाली गेली, तशा दरडीपुढे कोणतीही डागडुजी टिकत नाही.

राहिली वीज. खांबावरून घरात येणारी तार बहुधा वळचणीलगतच असते, आणि ॲल्युमिनियमची शिडी किंवा हातातली लोखंडी पहार तिला केव्हा टेकली हे कळण्याआधीच अनर्थ होतो. मेन स्विच बंद केल्याने घरातला प्रवाह थांबतो. खांबावरून येणाऱ्या तारेतला थांबत नाही. काम तिच्याजवळ असेल तर महावितरणला सांगून पुरवठा बंद करून घ्या, आणि माणूस वर असेपर्यंत शिडीच्या पायाशी घरातल्या कोणीतरी उभे राहा.