इन्सुलिन थांबवू नका

मुलाला मधुमेह झाला की ‘गोड फार खाल्ले असेल’ असे आपल्याकडे बोलले जाते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाशी त्याचा संबंध नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनविणाऱ्या पेशी नष्ट करते. इन्सुलिन तोंडावाटे घेतल्यास पचून जाते, म्हणून इंजेक्शन. १९२२ साली टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम दिले गेले. तोवर अशी मुले फार काळ जगत नसत. तरीही कोणाच्या काढ्यावर विसंबून सुई बंद करणारे पालक आम्हांस भेटतात, हे क्लेशदायक आहे. सुई थांबली की एकदोन दिवसांतच रक्तात आम्ल साचून जिवावर बेतते. तापातही ती बंद करू नये. मात्रा डॉक्टरांना विचारावी. हात थरथरून घाम फुटल्यास, मूल शुद्धीवर असेल तर, तीन छोटे चमचे साखर लगेच पाण्यातून द्यावी. वर्गशिक्षकांनाही हे सांगून ठेवावे.