जाहिरात क्षेत्रातील प्रवेश : पोर्टफोलिओची घडण

जाहिरात संस्थांच्या सर्जनशील विभागात प्रवेश देणारी कोणतीही अखिल भारतीय परीक्षा नाही. प्रशासकीय सेवा, बँका, शिक्षक भरती अशा बहुतेक क्षेत्रांत गुणानुक्रमाची यादी लागते व उमेदवाराला आपले स्थान कळते. येथे तशी यादी लागत नाही. पदवी वा पदविका उमेदवाराला फार तर मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोहोचवते. त्यापुढे त्याच्या हातातील पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा क्रमवार मांडलेला संग्रह, हीच त्याची उत्तरपत्रिका असते. या परीक्षेत प्रश्नही उमेदवारानेच निवडायचे असल्यामुळे, महानगरात ओळखीपाळखी नसलेल्या पण विचार करू शकणाऱ्या तरुणाला येथे समान पातळीवर उभे राहण्याची संधी मिळते. अनेकदा ती वायाही जाते, कारण पोर्टफोलिओ म्हणजे सुबक चित्रांची वही असा समज सर्वत्र आढळतो.

राजधानी परिसरातील कार्यक्षेत्र

मुंबई हे भारतीय जाहिरात व्यवसायाचे जुने केंद्र असले तरी दिल्ली, गुरुग्राम व नोएडा या पट्ट्याचे स्वरूप वेगळे आहे. मोटारी, खाद्यपदार्थ व शीतपेये यांच्या मोठ्या कंपन्यांची मुख्यालये गुरुग्राम परिसरात असल्याने अनेक जाहिरात संस्थांनीही तेथे कार्यालये थाटली. दुसरीकडे केंद्र सरकार हा स्वतःच एक मोठा जाहिरातदार आहे. १९५५ पासून जाहिरात व दृश्य प्रसिद्धी संचालनालय या नावाने परिचित असलेली यंत्रणा २०१७ मध्ये क्षेत्रीय प्रसिद्धी संचालनालय आणि गीत व नाटक विभाग यांच्यासह एकत्र करण्यात आली. ती आज केंद्रीय संचार ब्यूरो या नावाने काम करते. याखेरीज अनेक मंत्रालये व सार्वजनिक उपक्रम खासगी संस्थांकडून मोहिमा तयार करून घेतात.

शिक्षणाच्या दृष्टीने १९४२ मध्ये स्थापन झालेले टिळक मार्गावरील कॉलेज ऑफ आर्ट आणि जामिया मिलिया इस्लामियाची ललित कला शाखा येथे उपयोजित कलेचे शिक्षण मिळते. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेचा जाहिरात व जनसंपर्क अभ्यासक्रमही विद्यार्थ्यांना परिचित आहे. प्रवेशाच्या अटी बदलत असल्याने त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहणेच श्रेयस्कर. मात्र या संस्थांतून बाहेर पडणाऱ्यालाही नोकरीसाठी पोर्टफोलिओ चुकत नाही.

सर्जनशील विभागात प्रामुख्याने दोन प्रकारचे लोक काम करतात : मजकूर लिहिणारा कॉपीरायटर आणि दृश्य बाजू सांभाळणारा आर्ट डायरेक्टर. १९४९ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या डॉयल डेन बर्नबाख या संस्थेत विल्यम बर्नबाख यांनी या दोघांना एकत्र बसवून काम करण्याची पद्धत रूढ केली व पुढे ती जगभर स्वीकारली गेली. त्यामुळे चित्र काढता न येणाऱ्या लेखकालाही पोर्टफोलिओ लागतो. त्यातील रेखाटने ओबडधोबड असली तरी चालतात, कल्पना मात्र ओबडधोबड चालत नाही.

तीन उदाहरणे

कल्पना म्हणजे नेमके काय, हे सार्वजनिक मोहिमांच्या इतिहासातून चांगले समजते. १९६० च्या दशकात दिल्लीत आरोग्य व कुटुंब नियोजन मंत्रालयातील अधिकारी दीप त्यागी यांच्यापुढे प्रश्न होता तो अक्षरओळख नसलेल्या कोट्यवधी नागरिकांपर्यंत एक खासगी स्वरूपाचा विषय पोहोचवण्याचा. उत्तर निघाले ते उलट्या लाल त्रिकोणाचे. कोणत्याही गावातील रंगाऱ्याला भिंतीवर काढता येईल, लांबून ओळखता येईल आणि कोणत्याही भाषेवर अवलंबून राहणार नाही असे ते चिन्ह होते. कलाकुसरीच्या निकषावर या त्रिकोणाला गुण मिळाले नसते. समस्येच्या निकषावर मात्र त्याला पर्याय सापडणे कठीण.

दुसरे उदाहरण २००२ मधील ‘इन्क्रेडिबल इंडिया’ मोहिमेचे. पर्यटन मंत्रालयासाठी ओगिल्वी संस्थेच्या दिल्ली कार्यालयातील व्ही. सुनील यांच्या सर्जनशील मार्गदर्शनाखाली ती आकाराला आली. देशाच्या इंग्रजी नावातील पहिल्या अक्षराच्या जागी उद्गारवाचक चिन्ह ठेवले गेले आणि त्या एका बदलामुळे पर्वत, वाघ, योगासने व मसाले असे परस्परांशी संबंध नसलेले विषय एका सूत्रात आले. मोहीम आणि सुटी जाहिरात यांतील फरक येथे दिसतो : कल्पना एकच, तिची रूपे मात्र वाढत जाणारी.

तिसरे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हासाठी ‘मायगव्ह’ या संकेतस्थळावर खुली स्पर्धा झाली. त्यात कोल्हापूरचे अनंत खासबारदार यांची रचना निवडली गेली. महात्मा गांधींचा चष्मा, त्याच्या एका भिंगात ‘स्वच्छ’ व दुसऱ्यात ‘भारत’ हे शब्द, एवढ्यावर ती उभी आहे. गांधीजींचा चेहरा न दाखवता त्यांची दृष्टी आपल्याकडे वळवलेली आहे. कोल्हापुरात बसून केलेले काम राजधानीत स्वीकारले गेले, यामागे कामाची स्वयंस्पष्टता होती. परीक्षकांसमोर रचनाकार समजावून सांगायला उभा नसतानाही ती पूर्ण कळत होती.

पोर्टफोलिओत काय असावे

हाच निकष पोर्टफोलिओच्या प्रत्येक पानाला लागू होतो. पाहणारा काही क्षण थांबतो आणि पान उलटतो. तेवढ्यात समस्या व तिच्यावरील उत्तर त्याच्या लक्षात आले पाहिजे. नवोदिताकडे प्रत्यक्ष प्रसिद्ध झालेले काम बहुधा नसते, आणि ते असावे अशी अपेक्षाही नसते. एखादे खरे उत्पादन वा सार्वजनिक प्रश्न निवडून स्वतःच्या कल्पनेने तयार केलेल्या जाहिराती या क्षेत्रात मान्य आहेत. त्या सरावासाठी केल्या असल्याचे पानावर नमूद करावे, इतकेच. पाच-सहा मोहिमा, प्रत्येकीत एकाच कल्पनेची तीन रूपे, एवढे साहित्य पुरेसे होते. तीस कामांत दहा चांगली असतील, तर पाहणाऱ्याच्या स्मरणात उरलेली वीस राहतात.

विषयाची निवड हा खरा कसोटीचा भाग आहे. महागडी घड्याळे, अत्तरे व परदेशी मोटारी यांवरील जाहिराती नवोदितांच्या संग्रहात वारंवार दिसतात, कारण त्यांची छायाचित्रे सहज मिळतात. त्याउलट दुचाकीस्वाराचे हेल्मेट, ग्रामीण टपाल खात्यातील बचत ठेव, ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा किंवा क्षयरोगाची औषधे अर्धवट सोडणारा रुग्ण हे विषय अवघड आहेत. पण बीड वा गडचिरोलीहून आलेल्या विद्यार्थ्याला त्यांतील माणसे ठाऊक असतात. औषध अर्धवट सोडणारा रुग्ण निष्काळजी असतो असे शहरातील लेखक गृहीत धरतो. काही आठवड्यांत बरे वाटू लागल्यामुळे तो औषध सोडतो, हे ज्याला माहीत आहे त्याचा मथळा निराळा होईल. शिकवणी वर्गांत साच्यातून काढलेल्या पोर्टफोलिओंत नेमकी हीच जाण नसते.

मराठी उमेदवाराजवळ आणखी एक भांडवल असते, ते भाषेचे. राजधानीत तयार होणाऱ्या अनेक मोहिमा हिंदी वा इंग्रजीत जन्म घेतात व नंतर अनुवादित होतात. २००१ मधील ‘सर्व शिक्षा अभियान’ या नावातील ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीत शिक्षण या अर्थाचा, तर मराठी कानाला तो दंडाची आठवण करून देणारा. असा एखादा प्रसिद्ध मजकूर घेऊन शब्दशः अनुवाद आणि मराठीतून नव्याने सुचलेली ओळ शेजारी शेजारी मांडल्यास लेखकाची पारख एका पानात सिद्ध होते. मराठी न जाणणाऱ्या परीक्षकासाठी खाली भावार्थ द्यावा. कला बाजूच्या विद्यार्थ्याने देवनागरी अक्षररचनेकडे असेच पाहावे. र. कृ. जोशी यांनी जाहिरात संस्थेत आर्ट डायरेक्टर म्हणून काम केले, मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये अध्यापन केले आणि संगणकावरील ‘मंगल’ हा देवनागरी टंकही रचला. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना चेहरा दिला. या परंपरेचा अभ्यास असलेला विद्यार्थी दिल्लीत उठून दिसतो.

कागदावरील मांडणी

आज बहुतेक संस्था प्रथम ई-मेलने आलेली संचिका वा संकेतस्थळाचा दुवा पाहतात. त्यामुळे छापील पोर्टफोलिओ कालबाह्य झाला असे म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. प्रत्यक्ष भेटीत टेबलावर ठेवलेल्या संग्रहाचा आकार, क्रम व रंग उमेदवाराच्या हाती राहतो. वृत्तपत्रातील जाहिरात तिच्या खऱ्या मापात दिसते आणि सुलेखनातील शाईचा ओघ पडद्यापेक्षा कागदावर अधिक कळतो.

ए-३, म्हणजे २९७ × ४२० मिलिमीटर, हा आकार सोयीचा. त्याहून दुप्पट असलेला ए-२ रुबाबदार दिसतो, पण सकाळच्या गर्दीत मेट्रोच्या यलो लाइनने गुरुग्रामला जाणाऱ्याने त्याचा मोह टाळावा. पारदर्शक पाकिटे बदलता येतील अशी फाइल घ्यावी. मोठ्या मापाच्या छापील प्रतिमांसाठी ३०० डीपीआय ही सर्वसाधारण मर्यादा पाळावी. संगणकाचा पडदा लाल, हिरवा व निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, तर छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईने होते. त्यामुळे पडद्यावरील झळाळता हिरवा वा केशरी रंग कागदावर मळकट उतरू शकतो. सर्व पाने छापण्यापूर्वी एका पानाचा नमुना काढून पाहिल्यास पैसे वाचतात. दिल्लीत कागदासाठी चावडी बाजार आणि संगणकीय छपाईसाठी नेहरू प्लेस ही ठिकाणे विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहेत. चकचकीत कागदावर दिव्याचे प्रतिबिंब पडते, म्हणून निस्तेज पृष्ठभागाचा कागद बरा.

क्रमाबाबत जाणकारांचा सल्ला सारखाच असतो : सर्वोत्तम काम प्रारंभी, त्याखालोखालचे अखेरीस. एखाद्या मोहिमेची कच्ची रेखाटने व रद्द केलेले मथळे दाखवणारे एक पान अवश्य ठेवावे. चित्रे निर्माण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आल्यापासून या पानाचे मोल वाढले आहे. अशा साधनांचा वापर केला असल्यास तसे लिहावे. कॉपीरायटरने एक दीर्घ मजकूर व तीस सेकंदांची आकाशवाणी जाहिरात जोडावी आणि ती घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहावी.

कायद्याची चौकट

१९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा प्रथम हक्क, वेगळा करार नसल्यास, नियोक्त्याकडे असतो. त्यामुळे तेथील काम दाखवण्यापूर्वी परवानगी घ्यावी. अप्रकाशित मोहीम तर दाखवूच नये. सामूहिक कामात स्वतःचा वाटा स्पष्ट लिहावा.

सरकारी मोहिमेचा नमुना करणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी सरकारी जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली व व्यक्तिगौरवाला आळा घातला. राष्ट्रपती, पंतप्रधान व सरन्यायाधीश यांपुरती छायाचित्रे मर्यादित करणारी अट मार्च २०१६ मध्ये शिथिल होऊन मुख्यमंत्री, राज्यपाल व मंत्र्यांच्या छायाचित्रांना मुभा मिळाली. राजमुद्रेच्या वापरावर २००५ च्या कायद्याचे निर्बंध आहेत. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेची संहिता आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची २०२२ ची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे यांच्याशी विसंगत दावा सरावाच्या कामातही करू नये.

मुलाखतीत परीक्षक एखाद्या पानावर थांबून हीच कल्पना रेडिओवर वा बसथांब्यावर कशी दिसेल, असे विचारतात. त्या वेळी कामाचे समर्थन करण्यापेक्षा पेन्सिल हाती घेणे उपयोगी पडते. मूळ पोर्टफोलिओ कार्यालयात सोडून येऊ नये. मागे ठेवण्यासाठी तीन-चार कामांची, नाव व दूरध्वनी क्रमांक असलेली ए-४ आकाराची छोटी प्रत जवळ असावी. नकार मिळाल्यास कोणत्या पानांवर नजर थांबली व कोणती पाने भराभर उलटली गेली याची नोंद त्याच दिवशी करावी आणि पुढच्या भेटीपूर्वी ती पाकिटे बदलावीत.