मेलेले माकड आणि पांढरे कापड

रानात माकड मेलेले आढळले, की पांढरे फ्लॅनेलचे कापड घेऊन आरोग्य पथक तिथे पोहोचते. कापड पाचोळ्यावरून हळूहळू ओढले, की दबा धरून बसलेल्या गोचिडी त्याला चिकटतात. त्या वेचून, जातीनुसार वेगळ्या करून गटागटाने विषाणूसाठी तपासल्या जातात.

हा खटाटोप क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे माकडतापासाठी. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात माकडे पटापट मेली, माणसेही तापाने फणफणली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या ‘एनआयव्ही’ने, त्याचा विषाणू शोधला. पुढे तो गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग-बांदा पट्ट्यापर्यंत आला.

मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी आसपास उतरतात, म्हणून ती जागाच धोक्याची. माणसाला चावते ती बहुधा अर्धवट वाढलेली, बारीकशी गोचीड. चावल्याचे कळतही नाही. तिचा हंगाम आणि काजू वेचण्याचे दिवस नेमके एकत्र येतात. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात, आणि खास औषध नाही.

कापडाला काही लागले नाही, म्हणजे रान सुरक्षित, असे मात्र नव्हे. यंत्रणेची खरी भिस्त माकडाला हात न लावता लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणाऱ्या गुराख्यावर आहे.